गोल कोणाच्या नावावर

शिवपुरीचे जुने नाव सीपरी. ते नाव झाशीच्या रेल्वेमार्गालगतच्या एका बाजाराने अजून जपले आहे. सीपरी बाजाराच्या टेकडीवर मेजर ध्यानचंदांचा भव्य पुतळा आहे. त्यांचे पार्थिव डिसेंबर १९७९ मध्ये झाशीच्या हीरोज मैदानावरच अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले. अशा गावात गोल करणाऱ्याचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही.

या बाजारात एका निवृत्त मास्तरांचे घर आहे. नेवाळकरांच्या अमदानीत जी मराठी घराणी झाशीत आली, त्यांपैकी हे एक. शेजारी त्यांना अद्याप ‘दक्षिणी’ म्हणतात. घरातल्या मराठीचा हेल मात्र केव्हाच बुंदेली झाला आहे. मास्तरांचा छंद एकच, संघ निवडण्याचा. जुन्या रोजकीर्दीच्या वहीत ते वेगवेगळ्या काळांतल्या हॉकीपटूंना एकत्र आणून अकरा जणांची यादी करतात, खोडतात, पुन्हा लिहितात.

त्यांच्या नातवाचाही छंद हाच. फक्त वहीऐवजी भ्रमणध्वनी आणि हॉकीऐवजी क्रिकेट. शंभर गुणांच्या पतपेढीतून अकरा खेळाडू विकत घ्यायचे. प्रत्यक्ष सामन्यात ते जे करतील त्याचे गुण आपल्या खाती. कर्णधार नेमलेल्याचे गुण दुप्पट. षट्काराला जादा गुण असल्यामुळे नातू उंच फटके मारणाऱ्यांनाच गोळा करी. ते शून्यावर बाद होत, तेव्हा त्याचे पैसे जात. परीक्षेच्या शुल्कासाठी ठेवलेली रक्कम अशीच गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तोवर ते शुल्क मास्तरांनी निवृत्तिवेतनातून भरले होते. त्याविषयी घरात फारसे बोलणे झाले नाही.

या खेळाचे कूळ अमेरिकेतले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहाचे नाव देऊन बेसबॉलचा असा कल्पित खेळ सुरू केला. प्रत्येकाने २६० डॉलरांच्या मर्यादेत लिलावात खेळाडू घ्यावेत, ही त्यातली गंमत. तिथेही मोह तोच, म्हणजे होमरन ठोकणाऱ्यांचा. आणि मोहाला कारण आहे. एक होमरन हिशेबात एकदाच येत नाही. तो होमरन म्हणून मोजला जातो, त्याने घरी आणलेल्या धावांतही मोजला जातो. परंतु असा फलंदाज वारंवार चेंडू हुकवून बादही होतो, त्याची सरासरी खाली येते, आणि सगळी थैली त्याच्यावर रिती केली की पिचरसाठी चार डॉलरही उरत नाहीत. मुरलेले खेळाडू म्हणून आधी विचारतात, याच्यासारखे आणखी किती जण लिलावात शिल्लक आहेत?

मास्तरांच्या वहीतही आकड्यांना मज्जाव नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने दोन सामन्यांत पस्तीस गोल केले. त्यांतले पंचवीस ध्यानचंद आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग या दोघांचे. अमेरिकेविरुद्धच्या २४-१ मध्ये रूपसिंगांचे दहा, थोरल्या भावाचे आठ. त्या वेळी आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी ध्यानचंदांना सैन्यातून रजा मिळाली नव्हती. हॉकी महासंघाने त्यांना चाचणीवाचून निवडले. कल्पित लिलावातही त्यांच्यावर पहिली बोली लागली असती.

पण मास्तरांचे बोट थांबते ते १९३३ वर. कलकत्त्यातील बेटन चषकाच्या अंतिम सामन्यात झाशी हीरोजची गाठ कलकत्ता कस्टम्सशी पडली. कस्टम्सचा जोर चालला होता. अखेरीस ध्यानचंदांनी लांबवर चेंडू दिला, इस्माईल धावले आणि त्यांनी सामन्यातला एकमेव गोल केला. आपण खेळलेल्या सामन्यांतला सर्वोत्तम कोणता, असे विचारता ध्यानचंद याच सामन्याचे नाव घेत. हजार सामन्यांत गोलांचा पाऊस पाडणाऱ्या माणसाने निवडावा तो सामना असा, की ज्यात गोलरकान्यात त्याच्यापुढे शून्य! नातवाने हिशेब करून सांगितले, “आजोबा, गोलांवर गुण धरले तर त्या दिवशी ध्यानचंदांना घेणारा हरला असता.” मास्तर म्हणाले, “मग तुझा तक्ता हॉकीचा नव्हे रे.”

हे पूर्णपणे न्याय्य नव्हे. काही तक्त्यांत पास देणाऱ्यालाही गुण असतात. तथापि कोणाच्या शेजारी कोण खेळतो, हे कोणत्याच तक्त्यात मावत नाही. १९३६ मध्ये बर्लिनला सरावाच्या सामन्यात भारतीय संघ जर्मनांकडून हरला, तेव्हा आघाडीच्या फळीत ध्यानचंदांसारखा गोल करणारा होताच. उणीव त्याच्या जोडीदाराची होती. म्हणून अली दारा यांना तातडीने भारतातून बोलावले गेले. ते विमानाने पोहोचले आणि उपान्त्य सामन्यापासून खेळले. फ्रान्सविरुद्ध १०-०, १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध ८-१.

त्या आठांपैकी ध्यानचंदांचे किती, यावर मात्र एकमत नाही. कोणी सहा म्हणतात, कोणी तीन. नातवाला हे असह्य वाटते. गुण द्यायचे कसे? मास्तरांच्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत, आणि पुढच्या ओळीत दारांचे नाव आहे.