मी खोदलेलं भुयार

सबमिशनच्या आदल्या रात्री डॅन ब्राउनची 'द दा विंची कोड' हातात घेतली, ती पहाटेपर्यंत खाली ठेवलीच नाही. सबमिशनचं काय झालं ते विचारू नका! चित्रांत दडलेल्या खुणा, चर्चने लपवलेलं गुपित... डोकं पार भणभणलं.

सुट्टीत औशाला गेलो, तर जिथंतिथं संकेतच दिसायला लागले. खरोसा लेण्यांत रावणाच्या शिल्पाकडे बोट दाखवून मित्राला गमतीने ठोकून दिलं, "हा बघतोय ना, तिकडून औशाच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे." महिन्याभराने हेच भुयार आमच्या मेसमध्ये मला एकाने शपथेवर सांगितलं! "अरे, ही माझीच थाप आहे," म्हटलं, तर ऐकतो कोण?

मग पुस्तक परत उघडलं. सुरुवातीलाच 'सत्य' म्हणून छापलंय, की 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ मध्ये स्थापन झाली. प्रत्यक्षात ती पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने साथीदारांसह १९५६ मध्ये काढली होती. तिच्या प्राचीनपणाचे कागद बनावट होते. म्हणजे मीही त्या मित्रासारखाच फसलो होतो.

कादंबरी दुसऱ्यांदाही तितकीच आवडली, खोटं कशाला बोलू? माझं भुयार मात्र अजून बुजवता आलेलं नाही.