जेवणाच्या टेबलावरचा टॉवर

व्हँकुव्हरच्या दक्षिणेला बाउंडरी बे नावाचा विमानतळ आहे. अमेरिकेची सरहद्द तिथून जेमतेम आठ किलोमीटर. आभाळ मोकळं असलं की पलीकडचा माउंट बेकर दिसतो. पण हिवाळ्यात तिथलं आभाळ मोकळं असतं कधी? ढग इतके खाली उतरतात की शिकाऊ पायलटांची सेसना विमानं दिवसेंदिवस जमिनीवरच. कोर्स लांबतो, घरभाडं थांबत नाही.

मी कराडचा. वडिलांनी शेत तारण ठेवून पायलट व्हायला पाठवलेलं. सरे गावात एका पंजाबी घराच्या तळघरात राहायचो. अंकलजी लाकडाच्या मिलमध्ये जन्मभर राबून निवृत्त झालेले. विमानातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. माझं घोडं अडलं होतं रेडिओवर. टॉवरवाली बाई भराभर बोलायची, आणि 'होल्ड शॉर्ट'चा, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच थांबण्याचा, हुकूम तर जसाच्या तसा परत म्हणून दाखवावाच लागतो. हे कळल्यावर अंकलजी रात्री जेवताना माझ्या वहीतली वाक्यं वाचायला लागले. मिलमधल्या गोऱ्या फोरमनची नक्कल करत, एका दमात. "गोल्फ अल्फा चार्ली, होल्ड शॉर्ट रनवे टू-फाइव्ह!" त्यात आंटीजींचा मिक्सर घरघरत असायचा. मी पराठ्याचा घास हातात धरून उत्तर द्यायचो. अडखळलो की, "फेर बोल, पुत्तर." मिक्सर त्या मुद्दाम लावायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

परवाना मिळाला. पण तो विमान उडवण्याचा. तिथे पोट भरण्याचा नव्हे. वर्क परमिट नसलेल्याला कोण उभं करणार? परत आलो. इथला परवाना देणाऱ्या डीजीसीएचे पेपर दिले, हवाई नियम, दिक्चालन, हवामान. मग एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याची वेगळी पात्रता, मग नुसती वाट पाहणं. परदेशात शिकलेल्याला 'तयार पायलट' म्हणणाऱ्यांनी एकदा हा काळ काढून बघावा.

नोकरी लागल्यावर, ढगांनी कोर्स लांबवला त्या हिवाळ्यातलं थकलेलं भाडं अंकलजींना पाठवलं. वाटलं, नको म्हणतील. अंकलजींनी चोख मोजून घेतलं, वर बँकेने कापलेले डॉलरही मागितले! रेडिओच्या शिकवणीचा मात्र त्यांनी कधी विषयच काढला नाही. मागणं एकच: पंजाबला येईन तेव्हा तुझ्याच विमानात बसणार. ते आले तेव्हा दिल्ली-अमृतसर मिळावं म्हणून मी रोस्टरवाल्यांच्या हातापाया पडलो. पदरात पडलं नागपूर. ते भलत्याच कोणाच्या विमानातून गेले, आणि उतरल्या उतरल्या मला फोन करून त्या बिचाऱ्याच्या लँडिंगला यथेच्छ नावं ठेवली.