धर्माला मी दूर ठेवत होते

हवामान बदल हा देवळा-मशिदीत नेण्याचा विषय नाही, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. शाळेत भूगोल शिकवताना म्हटलं, ग्रामसभेत म्हटलं, अल्लीपूरच्या धुऱ्याधुऱ्यावर बायांशी बोलताना म्हटलं. आता माझं ते मत राहिलेलं नाही. ते का बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण तसा विचार करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणं पोकळ नाहीत.

माझी कारणं दोन होती. पहिलं दैववादाचं. पाऊस लांबला की धोंडी काढायची, पेरणी उलटली की देवाची मर्जी म्हणून गप्प बसायचं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणणाऱ्याला ही मर्जी किती महागात पडते, हे आमच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको. २०२२ च्या जुलैत हिंगणघाट तालुक्यात पुरानं वावरंच्या वावरं खरडून नेली, तेव्हाही कानावर तेच आलं: निसर्गाचा कोप झाला, आपल्या हातात काय? नाल्याचं पात्र बुजवणारे हात तर माणसाचेच असतात. मग मला वाटायचं, आधी माणसाला त्याच्या जबाबदारीवर उभं करू, भजन-कीर्तन नंतर.

दुसरं कारण जास्त खोल होतं. ज्या धर्मानं माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, त्याच्या दारात पाण्याचा न्याय मागायला कोणत्या तोंडानं जायचं?

पहिल्या कारणाला उत्तर मिळालं ते आमच्याच जिल्ह्यात. जे. सी. कुमारप्पा मी उशिरा वाचले. तंजावरचा हा श्रद्धावान ख्रिस्ती माणूस, हिशेब तपासण्याचा व्यवसाय सोडून गांधीजींकडे आला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम करत राहिला. घाण्याचं तेल, हातकागद, सोनखत हे त्यांचे रोजचे विषय. बेचाळीसच्या चळवळीनंतर तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्ही मला एकाच पुस्तकाचे दोन भाग वाटतात. दगडी कोळसा आणि खनिज तेल म्हणजे साठा, उपसला की संपणारा, आणि ज्याची अर्थव्यवस्था त्या साठ्यावर उभी, त्याला इतरांशी भांडावंच लागणार. उलट वाहतं पाणी, लाकूडफाटा, जनावरांची आणि माणसांची ताकद यांची रोज भर पडत राहते, हे त्यांनी त्या काळात मांडलं. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीवरचं परिपत्रक आणि इस्तंबूलला झालेला मुस्लिम विद्वानांचा हवामानविषयक जाहीरनामा, दोन्ही २०१५ मधले. जगानं त्यांची वाहवा केली, करायलाच हवी होती. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी वर्ध्याच्या एका ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेनंच त्याला तेला-कोळशाचा हिशेब मांडायला लावला होता, हे मी भूगोल शिकवताना एकदाही सांगितलं नाही.

तुकडोजी महाराजांचंही तसंच. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते. मी ती लहानपणापासून ऐकत आले आणि तिला निव्वळ प्रार्थना समजत आले. १९५५ ची ग्रामगीता मात्र ग्रामशुद्धी, ग्राम-आरोग्य यांना स्वतंत्र अध्याय देते. तिथे देव शोधायचा तो गावाच्या गटारात, विहिरीत, उकिरड्यावर. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊनच गावात शिरायचे, कीर्तन रात्री. विदर्भाच्या या भक्तीत नशिबावर हवाला ठेवून बसणं कुठेच नाही. ते आपण मागाहून तिच्यात घातलं.

तरी दुसरं कारण शिल्लक होतंच, आणि ते पुस्तकानं सुटणारं नव्हतं. गावात झाडं लावण्याची एक बैठक झाली. गुरुदेव सेवा मंडळाचे, मशिदीचे, विहाराचे लोक आले होते. मी नेहमीप्रमाणे म्हटलं की हे काम ग्रामपंचायतीवर सोपवू, धर्म मध्ये आला की वाद येतात. विहाराकडचे एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी झाडं मोजता. आमचा आजा पानवठे मोजायचा, कोनता आपला अन् कोनता नाही. आमच्यासाठी धम्म आला तोच पाण्यावरून."

मी गप्प झाले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली. या दोन तारखा मी वेगवेगळ्या धड्यांत शिकवल्या होत्या. एक सामाजिक सुधारणा, दुसरी धर्मांतर. आमच्या विहारातल्या माणसासाठी ती एकच वाट होती. पाणी कुणाचं, सावली कुणाची, घाण कुणाच्या दारात जाते, हा आज ज्याला पर्यावरणीय न्याय म्हणतात तो प्रश्न त्यांच्या धम्माच्या मुळाशीच आहे. धर्मानं केलेल्या अन्यायाचं कारण देऊन मी ज्यांना बाजूला बसवत होते, त्यांनीच त्या अन्यायाला उत्तर म्हणून धम्म हाती घेतला होता.

माझं मत त्या बैठकीत वळू लागलं. एका दिवसात वळलं असं मात्र म्हणणार नाही.

विनोबांचं भूदान मी आता निराळ्या नजरेनं पाहते. १९५१ मध्ये वर्ध्याहून पायी निघालेल्या या माणसाला १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिली जमीन मिळाली. कायद्यानं जे निघत नव्हतं ते त्यांनी धर्माच्या नावानं मागून घेतलं. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही खरंच. पण ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्यासमोर उभं राहून "यातलं दे" म्हणण्याचा अधिकार आपल्या गावात कुणाचा चालतो? तलाठ्याचा नाही, माझ्यासारख्या शिक्षिकेचा तर नाहीच. तुकडोजी महाराजांचं नाव घेऊन बोलणाऱ्याचा चालतो, मौलवींचा चालतो, भंतेंचा चालतो. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघंही जातात. तिथे दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही.

म्हणूनच आता माझी या सगळ्यांकडून अपेक्षा वाढली आहे. देवस्थानच्या आवारात रोपं लावून फोटो काढणं मला पुरत नाही. महाप्रसादाच्या पंगतीला थर्माकोलच्या पत्रावळी नकोत, पळसाच्या हव्यात. पऱ्हाटी पेटवू नका, हे कृषी सहायकाइतक्याच ठामपणे प्रार्थनेनंतर सांगितलं गेलं पाहिजे. बोअर देवळाची असो की मशिदीची, तिचं पाणी उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीला मिळालं पाहिजे.

आणि सगळ्यात आधी दुपारची सावली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हाही पेरणीआधीची धसकटं वेचायला बायाच वावरात असतात. हवामान बदलाचा चटका आमच्या गावात पहिला त्यांना बसतो, आणि तो ओढवण्यात त्यांचा वाटा सगळ्यात कमी. सभामंडप, मशिदीची पडवी, विहार बारा ते चार उघडे ठेवा, माठ भरून ठेवा, कुणाही मजुरीण बाईला आत बसू द्या, जात-धर्म विचारू नका. पुढच्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे, आणि यावेळी ग्रामपंचायतीच्या आधी देऊळ-मशीद-विहाराच्या लोकांकडे जाणार आहे.