डोंगराचं तोंड कुणीकडे

माजिवड्याहून निघालेला घोडबंदर रोड मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत साधारण उत्तरेकडे जातो आणि गायमुखाशी पश्चिमेला वळतो. गाडीतल्या माणसाला तिथे घाट आणि ट्रेलरची रांग दिसते. पायी हिंडणाऱ्याला त्या एका वळणात कोणती वाट धरायची याचं निम्मं उत्तर मिळतं, कारण रस्त्याबरोबर डोंगराचं तोंडही वळतं. मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत डाव्या हाताला दिसणारा येऊरचा डोंगर पूर्वेकडे तोंड करून बसला आहे. गायमुखाच्या पुढे तोच डोंगर खाडीकडे, म्हणजे उत्तरेकडे बघतो.

ठाण्यात राहून वर्षानुवर्षं लोकांना या डोंगरात घेऊन जाते. दिवाळी आटोपली की फोन येऊ लागतात: ताई, एखादी छान वाट सांगा, जिथून मस्त व्ह्यू दिसेल. मी देखाव्याचा विचार सगळ्यात शेवटी करते. आधी विचारते, कोणत्या महिन्यात जाताय, किती वाजता निघणार आणि सोबत कोण आहे. या तीन उत्तरांवर डोंगराचं कोणतं अंग धरायचं ते ठरतं, आणि अंग बरोबर धरलं की देखावा बहुतेक वेळा आपसूक पदरात पडतो.

पूर्वेच्या उतारावर सूर्योदयापासून ऊन असतं. डिसेंबर-जानेवारीत ते हवंहवंसं वाटतं. सकाळी साडेसातला गारठलेली मंडळी त्या उन्हात चढायला लागली की अर्ध्या तासात स्वेटर कमरेला बांधतात. तीच वाट मार्चमध्ये धरली तर नऊच्या आतच डोकं तापतं. पानगळ झालेली असते, सागाच्या उघड्या काठ्यांखाली सावली म्हणावी अशी सावली नसते. त्या दिवसांत मी उत्तरेचं अंग पकडते किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे उत्तरेच्या उताराला ऊन तिरपं लागतं. काही घळींत तर ते दुपारपर्यंत उतरतच नाही. तिथे ओल टिकते. समोरच्या अंगाचं गवत वाळून पिवळं पडलेलं असताना इथल्या दगडांवर अजून शेवाळ असतं, कपारीतले नेचे हिरवे असतात. शिवाय या बाजूने खाडीकडे बघताना सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे खाडी, तिवरांचा काठ, पलीकडे दिवा-वसई मार्गावरून जाणारी गाडी आणि तिच्यामागे कामणदुर्ग, तुंगारेश्वरचे डोंगर डोळ्यांवर तिरीप न येता दिसतात. फोटो काढणाऱ्यांनी यासाठी तरी थोडा भूगोल वाचावा. मात्र हे सगळं स्वच्छ दिसायचं ते पाऊस नुकताच ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ऐन थंडीत शहराचा धूर आणि धुकं मिळून पलीकडचा काठ पुसून टाकतात.

मार्च-एप्रिलमध्ये लोक जंगल कोरडं म्हणून टाळतात. मला तो सर्वांत सुंदर काळ वाटतो, फक्त पहाटे निघावं लागतं. कुसुमाला कोवळी तांबडी पालवी फुटते आणि लांबून अख्खं झाड फुलल्यासारखं दिसतं. पळस आणि काटेसावर त्याच्या आधीच होऊन गेलेली असतात. कांडोळाचं झाड पानं गाळून पांढरट खोडानिशी उभं राहतं. पाणी नसल्यामुळे ओढ्याचं पात्र ही त्या दिवसांतली उत्तम वाट असते. दोन्ही काठांना झाडी, चढ सौम्य, आणि उरलेल्या एखाद्या डबक्यावर पक्षी येतात. डबक्यापाशी मात्र थांबायचं नाही. लांबून बघून पुढे जायचं, कारण उन्हाळ्यात तेवढ्याशा पाण्यावर बरेच जीव अवलंबून असतात आणि आपण तिथे डबा उघडून बसलो की ते तहानलेले झाडीत थांबून राहतात.

पावसाळ्याचा नियम माझ्यापुरता ठाम आहे: ओढा ओलांडावा लागेल अशी वाट घ्यायची नाही. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, त्यामुळे वर पडलेलं पाणी जिरायला थांबत नाही. आपल्या डोक्यावर उघडीप असते, वर येऊरच्या माथ्यावर एक जोरदार सर येऊन गेलेली असते, आणि जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना मांडीपर्यंत चढलेला असतो. धबधब्याखाली भिजायला येणाऱ्यांचे जीव याच हिशेबाने जातात. पाणी बघायची हौस असेल तर मी समोरच्या सोंडेवर नेते. तिथून पाण्याची पूर्ण उडी दिसते, आवाज पोचतो, परतीची वाट पायाखाली सुरक्षित असते.

मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते म्हणजे वाट कुणी पाडली आहे. येऊरमध्ये वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्याही आधीपासूनचे. या डोंगरातल्या चांगल्या वाटा त्यांच्या पायांनी पडल्या आहेत. एका पाड्यावरच्या आजींच्या मागे चालताना त्यांनी मला त्या ओळखायला शिकवलं. ढोरवाट रुंद दिसते आणि फसवते. उतारावर ती एकाखाली एक अशा चार-पाच पट्ट्यांत फुटते, कारण प्रत्येक गाय चरत चरत आपापली रेघ धरते, आणि मध्येच एखाद्या करवंदीच्या जाळीखालून निघून जाते, जिथे माणसाला ओणवं व्हावं लागतं. मोळीची वाट वेगळीच. जमिनीवर ती जेमतेम एका पावलाची असते, पण छातीच्या वर दोन्ही बाजूंना मोकळी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवी मोळी, तीही माणसाच्या उंचीपेक्षा लांब. ती अडकू नये म्हणून आड येणाऱ्या फांद्या कोयत्याने वेळोवेळी छाटलेल्या असतात. खाली बघाल तर वाट हरवल्यासारखी वाटेल, मान वर करून फांद्यांचे जुने छाट बघाल तर ती पुढे कुठवर गेलीय ते दिसेल.

अशा वाटेचा चढही राखलेला असतो. पंचवीस-तीस किलोचं ओझं घेतलेली बाई सरळ चढत-उतरत नाही. ती डोंगराला आडवी जाते, पदर आला की त्यावरून चालते, सोंडेच्या नाकावर क्षणभर टेकते. तिच्या टेकायच्या जागी एखादा बसका दगड असतो, सावली असते आणि बहुतेक ठिकाणी दरीचा मोकळा भाग समोर असतो, कारण वारा तिथूनच येतो. मी लोकांना ज्या जागांवरून खाडी दाखवते त्यातल्या बऱ्याच जागा अशा विसाव्याच्याच आहेत. याउलट सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या गर्दीने पाडलेल्या वाटा सरळ माथ्याकडे धावतात. पहिल्या पावसात त्यांचे नाले होतात, पुढच्या उन्हाळ्यात त्यावर घसारा साचतो, मग लोक बाजूने दुसरी रेघ पाडतात. दोन-तीन पावसाळ्यांत अख्खी सोंड सोलून निघते.

गॅस आल्यापासून मोळ्या कमी झाल्या, आणि त्या बायांच्या कंबरा वाचल्या हे चांगलंच झालं. पण वाटा बुजायला लागल्यात. दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की कारवी वाट गिळते.

कारवीचा विचार तर इथे वाट निवडणाऱ्याला करावाच लागतो. ती आठ वर्षांतून एकदा एकगठ्ठा फुलते. आपल्याकडे २००८, २०१६ आणि २०२४ साली डोंगर जांभळा झाला होता. फुलोरा बघायला सगळे जातात, पुढच्या वर्षी काय होतं ते थोड्यांनाच ठाऊक असतं. फुलून बी धरलं की ती झुडपं मरतात. इतकी वर्षं ज्या काठ्या धरून आपण तीव्र उतारावर निर्धास्त उतरत होतो त्या हातात कडकन मोडतात. ज्या मुळांनी माती धरली होती ती सैल होतात. म्हणून फुलोऱ्यानंतरचे दोन हंगाम मी कारवीच्या खड्या उतारांवर मुलांना आणि वयस्कांना नेत नाही. त्याच वेळी आणखी एक घडतं. जिथे कारवीच्या भिंतीमुळे दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं तिथे दरी उघडी पडते. आठ वर्षं झाकलेली बाजू एखादा हंगाम दिसते आणि नवीन रोपं डोक्याएवढी झाली की परत झाकली जाते. मला ज्या वाटांचं अप्रूप आहे त्यात अशा दोन वाटा आहेत. त्यांच्यासाठी पुढची तारीख २०३२ नंतरची.

आवाजाकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. घोडबंदर रोडवर अवजड वाहतूक असते, वर मेट्रोचं काम, आणि जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेल्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचंही काम डोंगराच्या याच अंगाला चाललंय. उतारावर कितीही उंच चढलात तरी रस्ता जोवर नजरेच्या रेषेत आहे तोवर हॉर्न पाठ सोडत नाही, उलट उंचावर तो अधिक स्पष्ट येतो. म्हणून मी अशी वाट बघते जी सुरुवातीलाच आडवी जाऊन एखाद्या सोंडेमागे शिरते. सोंड मध्ये आली की वीस-पंचवीस पावलांत आवाज तुटतो. पहिल्यांदा येणारी माणसं तिथे न सांगता थांबतात, बोलणं हळू होतं. मग भृंगराजाची नक्कल ऐकू येते, पाऊस सरता सरता नशीब असेल तर शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळही. चालण्याच्या पहिल्या पाव तासात हा क्षण यायला हवा. तासाभराने आला तर तोवर माणसं गप्पांत पडलेली असतात आणि शांतता कानावरून निघून जाते.

वेळेचा हिशेबही इथला निराळा. विल्यम नायस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. डोंगरात हिंडणारी मंडळी जगभर तो अजून वापरतात. आमच्या डोंगराची उंची त्या मानाने काहीच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं सर्वोच्च ठिकाण, जांभूळमाळ, ४६८ मीटर. पण स्कॉटलंडच्या हवेतला हिशेब ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात चालत नाही. मी सरळ दीडपट वेळ धरते, मुलं असतील तर दुप्पट. वाटेत बघण्यासारखं जितकं जास्त तितकी वाट लहान निवडायची. तीन किलोमीटरमध्ये सकाळ भरून जाते. दहा किलोमीटर चालायचे असतील तर सर्व्हिस रोड आहेच.

हिशेब उलट्या बाजूने मांडायचा, म्हणजे कधी बाहेर पडायचं ते आधी ठरवून. हे बिबट्याचं घर आहे. तो सहसा आपल्याला टाळतो, पण संध्याकाळ त्याची आहे, आणि लहान मूल मागे रेंगाळलंय, कुणी वाटेकडेला ओणवं बसलंय, अशा वेळा येऊच द्यायच्या नाहीत. दिवेलागणीच्या बरंच आधी जंगलाबाहेर. वनखात्याची परवानगी नसेल तर आत पाऊल नाही, मग वाट कितीही आवडती असो. काही वाटा मी कायमच्या सोडल्यात, कारण त्या ज्या भागातून जातात तिथे माणसाची वर्दळ नसलेलीच बरी.

जीपीएसचा ट्रॅक मात्र मी कुणाला पाठवत नाही, अगदी जवळच्या माणसांनाही. एका पावलाची वाट शंभर जणांच्या मोबाइलवर गेली की ती एका पावलाची राहत नाही. फोन करणाऱ्याला सांगते, आधी परवानगी काढा, पाड्यावरचा कुणीतरी सोबत घ्या, त्याचे पैसे नीट ठरवून द्या आणि निघताना त्यालाच विचारा आज कुठून जाऊ या. तो आदल्या रात्री कुठे भेकर ओरडलं, कुठे झाड पडलंय, कुठल्या ओढ्याला अजून पाणी आहे हे बघून वाट धरेल. मी सांगितली असती त्यापेक्षा ती वेगळी असेल. त्या दिवसापुरती तीच घ्यायची.