मांडीला मांडी

चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण म्हणजे उजवा. फुली म्हणजे डावा पाय आणि गोल म्हणजे उजवा. प्लेस्टेशनच्या रिमोटवरच्या या चार खुणा एकदा अंगठ्यात उतरल्या की ‘टेकन ३’ हा मारामारीचा खेळ कळला. (त्या वस्तूला कंट्रोलर म्हणतात हे आम्हांला फार उशिरा समजलं. आमच्यासाठी तो रिमोटच होता आणि आहे.) ‘स्ट्रीट फायटर’मध्ये बटणं सहा, आणि ती जोर ठरवायची: ठोसा हलका, मधला की जबर, लाथेचंही तसंच. टेकनवाल्या नामको कंपनीच्या मंडळींनी जोराचा हिशेब सोडला आणि अंगाचा धरला. एका अवयवाला एक बटण. त्यामुळे खेळ संपला तरी अंगातून जायचा नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही अंगठा उशीवर डावा-उजवा-डावा करत राहायचा, आणि झोपेत कुणाचा तरी जबडा फुटायचा.

जपानमध्ये हा खेळ १९९७ साली आर्केडच्या यंत्रांवर आला आणि १९९८ मध्ये घरच्या प्लेस्टेशनवर. आर्केडचं यंत्र घरच्या डब्याहून ताकदवान, म्हणून घरी आणताना मागचे देखावे सपाट चित्रांचे करावे लागले. लढणाऱ्या माणसांना मात्र हात लावला नाही. ती सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानं हलत राहिली, तेही दोन मेगाबाइट मुख्य मेमरीच्या जोरावर. आज फोननं काढलेला एखादा फोटोही त्याहून जड भरतो.

आमच्या कोल्हापुरात तो पोचेपर्यंत नवं शतक लागलं होतं. मूळ सीडी मी आजतागायत पाहिलेली नाही. आमच्या सीडीवर निळ्या मार्करनं ‘टेकन’ लिहिलेलं असे, आणि ती चालावी म्हणून प्लेस्टेशनच्या पोटात चिप बसवलेली. बऱ्याच सीड्या अमेरिकन एनटीएससी पद्धतीच्या, आणि जुन्या पाल टीव्हीला त्यातला रंगच कळायचा नाही. आम्ही खेळायचो त्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असा एक टीव्ही होता. त्यावर खेळातल्या जीन काझामाच्या पँटवरच्या लाल ज्वाळा कायम करड्या. त्या टीव्हीचा तासाचा भाव कमी, म्हणून खरे खेळणारे तिथंच बसायचे.

बसायचे, हे महत्त्वाचं. मारामारीचा हा एकच प्रकार मला ठाऊक आहे ज्यात लढणारे एकमेकांकडे तोंड करून उभे राहत नाहीत. बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसतात आणि दोघंही एकाच दिशेला बघतात, नाटकाला आल्यासारखे. शत्रूचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो पडद्यावरचा त्याचा अवतार, आणि जाणवतं ते त्याचं कोपर. माझा मित्र पिंट्या मोठा डाव टाकणार असला की त्याचा श्वास आधी थांबायचा. डावीकडे बसलेल्या मला तो थांबलेला श्वास ऐकू यायचा, आणि मी मागचं बटण दाबून वार अडवायचो. यावर तो चिडून म्हणायचा, ‘तू रिमोटकडं बघतोयस.’ मी रिमोटकडं बघत नसे. मला गरजच नव्हती.

यात शास्त्रही आहे. टेकनमधला सगळ्यात चपळ ठोसा दहाएक चित्रांच्या आत समोरच्याच्या नाकावर पोचतो. म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधराएक चित्रं. तो ठोसा बघून अडवणं कुणाच्याही हाती नाही. त्यात भर अशी की उभ्यानं अडवलं तर वरचा आणि मधला वार थांबतो, पण पायांवरचा लागतो. खाली बसून अडवलं तर पायांवरचा थांबतो, वरचा डोक्यावरून जातो आणि मधला थेट थोबाडावर बसतो. म्हणजे हात चालण्याआधीच समोरचा काय करणार हे ठरवायला हवं. आणि ते ठरवायचं तर तो माणूस ठाऊक हवा.

म्हणून पार्लरमध्ये आम्ही एकमेकांना जितकं ओळखलं तितकं शाळेत ओळखलं नाही. वर्गात सगळ्यांना दरडावणारा एक जण इथं राऊंडभर मागं मागं सरकायचा. दुसरा पहिला राऊंड सहज जिंकायचा आणि मग हसता हसता पुढचे घालवायचा. नंतर त्यानं धंदाही तसाच केला. पिंट्या कधी आधी हात उगारायचा नाही. अडवत बसायचा, अडवत बसायचा, आणि समोरच्याचा एक वार हुकला की तेवढ्या फटीत त्याच्या गड्याचा, पॉल फिनिक्सचा, तो एक ठोसा घालायचा, ज्यानं पॉवरची पट्टी अर्धी उडायची. माझ्याबद्दल पिंट्याला विचारा. तो म्हणेल की मी घाबरलो की उडी मारतो. खरं आहे.

याआधी आमच्याकडं मारामारीचे खेळ नव्हते असं नाही. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर ‘कुंग फू’ होता: पाच मजल्यांची इमारत, मजल्यागणिक एक राक्षस, आणि वर कोंडलेली सिल्व्हिया. इरेम कंपनीत तो घडवणारे ताकाशी निशियामा पुढे कॅपकॉममध्ये गेले आणि १९८७ साली त्यांनी पहिला ‘स्ट्रीट फायटर’ केला. मला हा प्रवास फार बोलका वाटतो. पाच मजल्यांवरचे शत्रू यंत्राच्या मालकीचे होते. ते दर वेळी त्याच जागी तसेच यायचे. पाठांतर झालं की संपलं. त्याच माणसानं पुढे जो खेळ मांडला त्यात समोरासमोर दोघंच उरले, आणि त्यातला दुसरा शेजारच्या खुर्चीत बसलेला खराखुरा माणूस असू शकत होता. त्याचं पाठांतर होत नाही.

पार्लरच्या मालकाचे वडील दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचे. जुने पैलवान, कान मोडलेले, चाल तशीच. खासबागेतल्या कुस्त्यांवर बोलायला लागले की डबा गार व्हायचा. एकदा ते मागे उभे राहिले आणि बघत बसले. माझा गडी होता किंग, जॅग्वारचा मुखवटा घालून कुस्ती खेळणारा. मी पिंट्याच्या पॉलला पाय धरून गरगरा फिरवलं आणि भिरकावलं.

काका म्हणाले, ‘पाठ टेकली की रं त्याची. संपली न्हवं कुस्ती?’

‘नाही काका, पॉवर आहे अजून.’

‘पाठ टेकल्यावर कसली पॉवर?’

आम्ही हसलो, पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मातीतल्या कुस्तीत चीतपट म्हणजे निकाल. मग पैलवान कितीही ताजातवाना असू दे. इथं माणूस दहादा आडवा होतो, लोळत बाजूला सरकतो, पडल्या पडल्या लाथ मारतो आणि उठतो. मी त्यांना लेई वुलाँग दाखवला, जॅकी चॅनच्या चालीवर बेतलेला हाँगकाँगचा पोलीस. तो दारुड्यासारखा झुलतो, सापासारखी बोटं काढतो आणि मनात आलं की सरळ पाठीवर झोपून लढतो. ‘ह्याचं पाठ टेकूनच सुरू होतंय काका.’ काकांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘ह्याला वस्ताद कोण भेटला असंल!’ त्यांचं कौतुक होतं की तक्रार, ते डबा ठेवून निघून गेले त्यामुळं कळलं नाही.

किंगमागे एक खरी गोष्ट आहे, ती मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळाली. मेक्सिकोत सर्जिओ गुतिएरेस बेनितेस नावाचे एक पाद्री होते. आपला अनाथाश्रम चालवायला पैसे हवेत म्हणून ते ‘फ्राय तोर्मेंता’ या नावानं मुखवटा चढवून वर्षानुवर्षं आखाड्यात उतरले. टेकनमधल्या पहिल्या किंगची कथा त्यांच्यावरूनच घेतली: तोही अनाथ मुलांसाठी लढतो. ‘टेकन ३’मधला किंग दुसरा, त्या अनाथाश्रमात वाढलेला, गुरू मारला गेल्यावर त्याचा मुखवटा चढवलेला. हे तेव्हा ठाऊक असतं तर काकांना सांगितलं असतं. वस्तादाचा वारसा कुणी चालवायचा, हा विषय त्यांना पॉवरच्या पट्टीपेक्षा नक्कीच लवकर पटला असता.

मुख्य कथेबद्दल मला फारसं प्रेम नाही. मिशिमा घराण्यात बाप मुलाला कड्यावरून टाकतो, मुलगा मोठा होऊन बापाला टाकतो, मग बाप मुलाला ज्वालामुखीत टाकतो, आणि तिसऱ्या भागात आजोबा नातवाला गोळी घालतात. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. निदान जमिनीचा बांध तरी मध्ये असतो.

एडीचं मात्र सांगायलाच हवं. एडी गोर्डो, ब्राझीलचा, हातांवर उभा राहून पायांनी लढणारा. पार्लरमध्ये पाटी नव्हती, पण नियम होता: एडी घ्यायचा नाही. कारण एडीला शिकावं लागत नाही. लाथेची दोन बटणं आलटून पालटून बडवली की तो गिरक्या घेतो, कोलांट्या मारतो, आणि वार कुठून येतोय हे समोरच्याला कळत नाही. कळणार कसं, मारणाऱ्यालाच कळलेलं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही प्लेस्टेशन भाड्यानं घरी आणला होता. आत्या म्हणाली, ‘मलाही द्या रे एकदा.’ तिनं चित्रं बघून एडी निवडला, ‘हा नाचणारा छान आहे.’ मग चष्मा सारखा करून तिनं ती दोन बटणं अशी काही हाणली की माझा किंग दोन राऊंड जमिनीवरच होता. माझी इतक्या महिन्यांची साधना, वहीत लिहून घेतलेले दहा फटक्यांचे कॉम्बो, सगळं धुळीला मिळालं. आत्यानं रिमोट परत दिला आणि विचारलं, ‘झालं? इतकंच असतं का?’

मोठे खेळाडू एडीला नाकं मुरडतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. त्या गिरक्या कुणा अ‍ॅनिमेशनवाल्यानं मनानं रचलेल्या नाहीत. मार्सेलो परेरा या कापोएराच्या गुरूंच्या शरीराला खुणा लावून, त्यांच्या हालचाली टिपून त्या एडीत घातल्या आहेत. आणि कापोएरा म्हणजे ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांची विद्या. नाचाच्या आडून जपलेली लढाई. १८८८ साली तिथं गुलामगिरी संपली आणि १८९० च्या दंडसंहितेत कापोएरा गुन्हा ठरला. माणसांचं रिंगण, त्यात बेरिंबाऊ नावाचं एकतारी वाद्य, आणि मध्ये दोघं. वार कुठला आणि नाच कुठला हे पोलिसाला कळू नये, ही त्यातली हुशारी. ती माझ्या आत्यालाही कळली नाही आणि मलाही, म्हणजे ती पुरेपूर उतरली होती. कोल्हापुरातल्या एका माजघरात कापोएरा पहिल्यांदा पोचला तो असा, भाड्याच्या डब्यातून, एका चोरट्या सीडीवर.

घरी एकट्यानं खेळायचे दिवसही आले. प्लेस्टेशनवर त्याची सोय भरपूर होती: गुंडांच्या टोळ्या बडवत पुढे जायचा एक प्रकार, समुद्रकिनाऱ्यावर चेंडूनं मारायचा दुसरा, आणि सगळ्यांना हरवलं की प्रत्येकाच्या कथेची छोटी फिल्म. मोकुजिन हा लाकडी बाहुला मला विशेष आवडायचा. त्याची स्वतःची विद्या नाही. दर राऊंडला तो दुसऱ्या कुणाची तरी पद्धत उचलतो. पण यंत्राशी खेळताना अडचण तीच, जी ‘कुंग फू’च्या पाच मजल्यांवर होती. यंत्राचा श्वास थांबत नाही.

आता इंटरनेटवर खेळतात. पिंट्या पिंपरीला असतो, मी इथं, आणि आमच्या दोघांच्या घरी टेकनचा नवा भाग आहे. चित्र इतकं स्वच्छ की घामाचे थेंब मोजावेत. पण माझा ठोसा आणि त्याचा जबडा यांच्यामध्ये आता दोन राउटर आणि एक सर्व्हर आहे, आणि ते कोपर नाही. पूर्वी हरला की फुलीचं बटण अडकतंय म्हणायचा, आणि लगेच रिमोट बदलून खोटं पाडता यायचं. आता म्हणतो नेट गेलं. त्याचं नेट माझ्या शेवटच्या लाथेच्या आधीच जातं, यावर मी काय बोलणार?

त्याला मी लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशबद्दल सांगितलं. २०१९ पर्यंत टेकनच्या जगात पाकिस्तान कुणाच्या हिशेबात नव्हतं. कोरिया आणि जपान, संपलं. त्या वर्षी हा पोरगा व्हिसाच्या कटकटींतून मार्ग काढत ‘इव्हो जपान’ या स्पर्धेला पोचला आणि जिंकला. वर म्हणाला की आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. लोकांना ती बढाई वाटली. काही महिन्यांनी लास व्हेगासला ‘इव्हो’च्या अंतिम सामन्यात त्यानं कोरियाच्या ‘नी’ला हरवलं, ज्या नीचे सामने बघून जगभरची पोरं खेळ शिकली, त्या नीला. ही पोरं घडली होती ती आमच्यासारख्याच पार्लरांत: बाहेरच्या स्पर्धांचं तोंड न बघता, वर्षानुवर्षं एकमेकांशीच खेळत, एकमेकांची प्रत्येक खोड ओळखत. २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जागतिक मालिकेचा अंतिम सामना जिंकला तोही पाकिस्तानचाच, आतिफ बट.

नीनं यावर जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. त्यानं हरलेल्या सामन्यांचे व्हिडिओ बघत बसण्यावर भागवलं नाही. २०१९ मध्येच तो स्वतः पाकिस्तानात गेला, आणि त्या पोरांच्या शेजारी बसून खेळला.

हे सगळं मी रात्री पिंट्याला लिहून पाठवलं. उत्तर लगेच आलं: ‘म्हणजे तो कोरियातनं पाकिस्तानात जातोय, आणि तुला कोल्हापुरातनं पिंपरीला यायला होत नाही.’