सध्या एवढंच जमतंय

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात मॅनेजरचा कॉल आला. नवीन प्रॉडक्टच्या टीममध्ये माझं नाव नाही. ‘तू आहेस तिथे खूप व्हॅल्युएबल आहेस’ वगैरे वगैरे. याचा अर्थ आयटीतल्या मंडळींना समजावून सांगायला नको. आणखी एक वर्ष मेंटेनन्स! १४ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली सिस्टिम, लिहिणारे सगळे केव्हाच सोडून गेलेले, आणि गेली ४ वर्षं मी तिला ठिगळं लावतोय. वय २९. स्वतःचं म्हणावं असं एकही काम नाही.

रात्री बसून एक कडक मेल लिहिला. पाठवला नाही, ड्राफ्टमध्ये ठेवला.

शनिवारी डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून एक जुना सिनेमा लावला. ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’. हॉस्टेलवर असताना एकदा पाहिला होता, तेव्हा फक्त गाड्यांच्या पाठलागासाठी. या वेळी आई पण शेजारी येऊन बसली, भाजी निवडत. ‘कार्टून बघतोयस या वयात?’ म्हणाली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

गोष्ट साधी आहे. ल्युपाँ तिसरा नावाचा एक चोर. मॉरिस लेब्लाँ या फ्रेंच लेखकाच्या आर्सेन ल्युपाँ या सभ्य चोराचा नातू. (आमच्या आजोबांच्या कपाटात बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते. पोलिसांना चकवणारा आणि तरीही आपल्याला आवडणारा नायक मराठी वाचकाला नवा नाही.) सुरुवातीलाच ल्युपाँ आणि त्याचा जोडीदार जिगेन एक कॅसिनो लुटतात. गाडी नोटांनी गळ्यापर्यंत भरलेली. आणि मग ल्युपाँच्या लक्षात येतं की नोटा खोट्या आहेत. दोघं काय करतात? हसत हसत सगळ्या रस्त्यावर उधळून देतात! मग ते निघतात त्या नोटांचा उगम शोधायला, कॅग्लिओस्ट्रो नावाच्या चिमुकल्या देशात. तिथला काउंट क्लॅरिस नावाच्या मुलीशी जबरदस्तीनं लग्न लावू पाहतोय, ती किल्ल्याच्या मनोऱ्यात बंद आहे. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हा हायाओ मियाझाकींनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. डिसेंबर १९७९ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. तोटोरो नाही, ‘स्पिरिटेड अवे’ नाही, घिबली स्टुडिओ तर १९८५ चा. आणि या पहिल्या चित्रपटातला नायक त्यांचा नव्हताच! ल्युपाँ तिसरा हा मंकी पंच या चित्रकाराचा. १९६७ पासून त्याची मांगा चालू होती, टीव्हीवर दुसरी मालिका जोरात होती, आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, एक ल्युपाँपट येऊन गेला होता. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर चालू प्रॉडक्शन सिस्टिम, दुसऱ्याचा कोड, आणि डेडलाइन डोक्यावर. कल्पनेपासून थिएटरपर्यंत जेमतेम काही महिने. पूर्ण स्टोरीबोर्ड तयार नसतानाच ॲनिमेशन सुरू झालेलं. (रिक्वायरमेंट फ्रीझ व्हायच्या आधी कोडिंग सुरू! म्हणजे जपानातही हेच.)

आता या माणसानं काय केलं बघा. मंकी पंचचा ल्युपाँ बराच चवचाल, बेरकी. मियाझाकींनी त्याला थकवला. हा ल्युपाँ या किल्ल्यात १० वर्षांपूर्वी एकदा येऊन गेलाय, तरुण आणि गुर्मीत असताना, आणि सपाटून मार खाऊन पळालाय. तेव्हा जखमी अवस्थेत एका लहान मुलीनं त्याला पाणी पाजलं होतं. तीच क्लॅरिस. हे तो तिला सांगत नाही. आपल्यालाही कळतं ते बऱ्याच उशिरा, तो पट्ट्या गुंडाळून पडलेला असताना.

गाड्यासुद्धा घरच्या. ल्युपाँची पिवळी फियाट ५०० ही ॲनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुकांची आवड, क्लॅरिसची सित्रोएन टूसीव्ही मियाझाकींची. दुसऱ्याच्या गोष्टीत आपलं सामान असं गुपचूप आणून ठेवलेलं.

आणि तो छपरावरचा प्रसंग! ल्युपाँला एका छपरावरून पलीकडच्या मनोऱ्यावर दोरी टाकायचीय. हातात एक छोटं रॉकेट. नीट योजना आहे बरं का. पण रॉकेट हातातून निसटतं, उतारावरून गडगडत जातं, हा पकडायला मागे धावतो, आणि उतार इतका की आता थांबताच येत नाही... मग थांबायचा नादच सोडतो. पळत सुटतो आणि टोकावरून झेप! पात्राचं वजन, वेग, पायांची लगबग सगळं हातानं काढलेलं. आईनं भाजी बाजूला ठेवली ती तिथे.

एवढा जीव धोक्यात घालून तो पोचतो आणि तिच्यासमोर काय काढतो? जादूगारासारखं हातातून एक इवलंसं फूल. त्यातून बारक्या झेंड्यांची माळ. आणि म्हणतो की सध्या एवढंच जमतंय. इथे मी पॉज केलं. चहा करायच्या निमित्तानं आत गेलो. खरं तर जरा घसा दाटला होता, आईला दिसायला नको म्हणून.

इन्स्पेक्टर झेनिगाताबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आयुष्यभर ल्युपाँच्या मागे असलेला, शिस्तीचा, सरळ माणूस. त्याला किल्ल्याच्या तळघरात खोट्या नोटांचा छापखाना सापडतो. पुरावा घेऊन तो इंटरपोलच्या बैठकीत जातो, तर निरनिराळ्या देशांचे साहेब एकमेकांवर आरोप करत बसतात आणि कारवाई गुंडाळून ठेवतात. (मागच्या वर्षी मी बिलिंगमधली राउंडिंगची चूक दाखवली होती, तेव्हा ‘आउट ऑफ स्कोप’ असं उत्तर आलं होतं. असो.) मग हा गृहस्थ ल्युपाँला पकडायचं निमित्त करून तळघरात घुसतो आणि थेट प्रक्षेपण चालू असलेल्या कॅमेऱ्यासमोर ‘अरेच्चा, हे काय सापडलं!’ असा इतका वाईट अभिनय करतो की आम्ही दोघं लोळत होतो.

शेवट मात्र मला हॉस्टेलवर अजिबात आवडला नव्हता. खजिना निघतो तो तळ्याच्या तळाशी बुडालेलं एक रोमन शहर. खिशात मावणारं काहीच नाही. क्लॅरिस म्हणते, मलाही घेऊन चल, मी पण चोरी शिकेन. तो तिला मिठीत घ्यायला हात उचलतो. हात थरथरतात, हवेत तसेच राहतात. मग खांद्यावर ठेवतो, कपाळाचं चुंबन घेतो आणि निघून जातो. २० व्या वर्षी मला वाटलं होतं, काय बावळट आहे! आईसुद्धा शनिवारी ओरडलीच, ‘अरे, घेऊन जा ना तिला!’ पण या वेळी मी त्या हातांकडेच बघत राहिलो.

सुरुवातीला चित्रपट तिकीटबारीवर फारसा चाललाच नाही. मियाझाकींना पुढचा चित्रपट मिळायला वेळ लागला. ल्युपाँच्या मालिकेचे दोन भाग त्यांनी १९८० मध्ये टोपणनावानं केले. ‘नॉसिका’ची मांगा १९८२ मध्ये सुरू झाली, चित्रपट आला १९८४ ला. मधल्या त्या वर्षांत हा माणूस सकाळी उठून काय विचार करत असेल, हे माझ्या डोक्यात अजून घोळतंय. नंतर डिस्नेच्या १९८६ च्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये घड्याळाच्या दातेरी चाकांमधली मारामारी आली, ती या चित्रपटावरून सुचलेली. पण १९७९ च्या डिसेंबरात त्यांना हे कोण सांगणार होतं?

रविवारी दुपारी लॅपटॉप उघडला. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, पाठवणार की नाही ठरलेलं नाही. पण तो राउंडिंगवाला मॉड्यूल उघडला आणि दोन तास त्यातच होतो. कुणी सांगितलेलं नव्हतं. आधीच्या लेखकानं एका फंक्शनला अगदी नीट, प्रेमानं नाव दिलेलं दिसलं. चार वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं विचारलं, ‘त्या चोराचे पुढचे भाग आहेत का रे?’

‘आहेत की, ढीगभर. पण ते दुसऱ्या लोकांनी केलेत.’

‘मग नको,’ ती म्हणाली, ‘परत हाच लाव.’