काळ्या रानातली मोटारसायकल

पाऊस लागला की कळंबकडच्या पाणंदीत गाडी इंजिनामुळे अडत नाही, मडगार्डमुळे अडते. काळी माती टायरला धरते, मडगार्डखाली थरावर थर बसतो आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी रेस वाढवली की क्लचप्लेटा जळतात. खाली उतरावं, काडीनं चिखल उकरावा. वेल्डरकडून पट्टी मारून मडगार्ड दोन बोटं वर घेतलेला मला आवडतो. फक्त तो फोर्कच्या खालच्या नळीलाच धरलेला असावा, म्हणजे खड्ड्यात चाकाबरोबर वर-खाली होतो.

*

चेनला जळकं ऑईल लावू नका. त्यात धूळ मिसळली की पॉलिश पेपरासारखं काम होतं, चेनसेट लवकर जातो. रॉकेलनं धुवा, पुसा, नव्वद नंबरचं गिअर ऑईल थोडंसं लावा. धुताना इंजिन बंदच हवं. चालत्या चाकावर फडकं धरून बोटं गमावलेली माणसं आहेत.

*

भूम भागात खव्याच्या भट्टीला दूध जातं ते बऱ्याचदा मोटारसायकलवरच. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हुक, हे आपल्याकडचं खरं मॉडिफिकेशन! पण रिकाम्या गाडीवर चेन बेताची ताणली, तर कॅन भरून मागची बाजू दबल्यावर ती आणखी ताणते आणि बेअरिंगवर येते. म्हणून ढील बघायची ती माणूस बसवून, चाक फिरवत, चेन जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथं. दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवा. चाक मागं सरकलं की मागचा ब्रेकही बदलतो, तोही पुन्हा लावा.

स्पोकवर पाना हलकेच वाजवा. कसलेला टणकन वाजतो, ढिला बदबद करतो. ओझ्याच्या गाडीला महिन्यातून एकदा तरी.

*

फोमचा एअर फिल्टर धुता येतो. तेलानं ओलसर असलेला कागदी मात्र धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, बदलायचा. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तो ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. प्लग काढून बघा : तपकिरी असेल तर ठीक, काजळीनं काळा असेल तर आधी फिल्टरकडं जा.

*

सायलेन्सरची जाळी काढून आवाज वाढवणाऱ्या पोरांना कळवळून सांगतो. ताकद वाढत नाही, उलट चढावरची ओढ कमी होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि गल्लीत झोपलेली म्हातारी माणसंही आहेत.

*

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नाही. जेट फुंकून साफ करायची आमची सवय तिथं चालत नाही. इंजेक्टरला घरी हात लावू नये.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. जुन्या गाडीच्या फ्लोटखालचा स्क्रू ढिला करून तळातलं पाणी काढता येतं. जवळ बिडी पेटलेली नको.

*

येडशीजवळ एकदा क्लचची वायर तुटली. गाडी न्यूट्रलमध्ये चालू केली, पायानं ढकलत वेग दिला आणि पहिला टाकला. पुढचे गिअर रेस सोडून, अलगद. घरी पोचलो. त्यानंतर नवी वायर जुनीच्या शेजारूनच ओढून, टाकीखाली बांधून ठेवली आहे. दोन्ही टोकं पिशवीत गुंडाळलेली, धूळ जाऊ नये म्हणून.